पाण्याच्या तोंडाचं भात

माझा आजवर चार-पाच वेळा सत्कार झाला. प्रत्येक वेळी मी साधारण तेच भाषण केलं आणि प्रत्येक वेळी त्यातलं एकच वाक्य गाळलं. ते वाक्य मी गंगापूर रोडला सकाळी फिरताना पुटपुटून पाहिलं आहे, एकदा दाढी करतानाही म्हणून पाहिलं आहे. माणसांसमोर मात्र ते कधी निघालं नाही. वर्षानुवर्षं मी ही गोष्ट टाळली. विषय निघाला की पावसापाण्याचं बोलायचो. आता बहात्तरावं सरलं. गुडघे खाचरात उतरू देत नाहीत, पण हात अजून लिहितो.

आधी अभिमानाचं सांगतो. तो खरा आहे, आणि माझ्या चुकीमुळे तो खोटा ठरत नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका भात केंद्रात काढली. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि कांदा आठवतो. भाताचं नाव कोणी काढत नाही. बदलीची संधी दोनदा आली, दोनदा मी नको म्हटलं. बायको म्हणायची, "चिखलात काय पुरून ठेवलंय कोण जाणे!"

माझं काम भाताच्या रोगांचं, त्यातही कडा करप्याचं. हा रोग जिवाणूंमुळे होतो. पानाच्या कडेनं पिवळी, नागमोडी रेघ उतरत येते, मग पान पांढरं पडून वाळतं. जिवाणू पाण्यातून येतात, ओल्या पानांवरून पसरतात आणि पान जिथं फाटलं असेल तिथून आत शिरतात. कुठल्या वाणात रोगाला तोंड द्यायची ताकद आहे हे तपासायची आमची रीत साधी होती. जिवाणू घातलेल्या पाण्यात कात्री बुडवायची, मूठभर पानं एकत्र धरायची आणि त्यांची टोकं कापायची. दोन आठवड्यांनी फूटपट्टी घेऊन बसायचं आणि टोकापासून पान किती वाळलं ते मोजायचं. वरचे शास्त्रज्ञ साहेब लोक येत-जात राहिले, कात्री मात्र माझ्याच हातात राहिली. मोजताना मी अर्धा मिलिमीटर कुणाला सोडला नाही, स्वतःला तर नाहीच.

दुसरं काम होतं तपासणीचं. सुधारित वाणाचं बियाणं आम्ही पाड्यांवरच्या शेतकऱ्यांना देत असू, ते त्याचं बी तयार करत. बियाण्याच्या शेतात वेगळ्या वाणाचं एक झाडही चालत नाही. त्याला आम्ही भेसळ म्हणतो, आणि ती उपटून काढायची असते. माझी नजर त्यात तयार होती. बांधावर उभं राहून मी बोट दाखवायचो, तिथं वेगळं झाड असायचंच. लोकांनी माझं नावच भेसळसाहेब पाडलं होतं. मी जीपमधून उतरलो की पाड्यावर कुणीतरी ओरडायचं, "आला रे भेसळसाहेब, पोरासोरांना आत घ्या, उपटून काढंल!" मला ते आवडायचं.

सुरगाण्याच्या बाजूला असाच एक पाडा होता. तिथं एका बाईचं शेत आमच्या बियाण्याखाली होतं. बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. नवरा हिवाळ्यात द्राक्षांच्या कामाला जायचा, ती मात्र घरी थांबायची. तिचं भात होळीपर्यंत पुरायचं आणि पुढं नागली, म्हणजे नाचणी, असायची. धाकटी मुलगी चौथीत होती. मावशीला त्या मुलीच्या शाळेचं मोठं कौतुक. मी गेलो की मुलीला वही घेऊन पुढं उभं करायची आणि म्हणायची, "दाखव साहेबाला, जोडाक्षरं दाखव."

त्या साली भाद्रपदात मी सकाळीच वरच्या पाड्यावरून निघालो. तिथल्या दोन खाचरांत पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या मी पाहिल्या होत्या. चार-सहा पानं तोडून, चुरगाळून, डोळ्यांजवळ नेऊन खात्री करून घेतली होती. मग तसाच खाली मावशीच्या शेताकडे आलो. रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबला होता.

तिच्या खाचरात आमच्या वाणाच्या लोंब्या नुकत्याच बाहेर पडत होत्या. आणि जिथं वरच्या खाचराचं पाणी आत येतं, तिथं हातभर रुंदीच्या पट्ट्यात लांब लाल कुसळांचं, उंच, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात उभं होतं. त्याचा दाणा कडक झाला होता. पुढंही चार-पाच पावलांवर त्याच्या रोपांचा एकेक चूड लावलेला.

"मावशी, हे कुसळाचं भात कुठून आलं?"

"आलं नाय, मीच लावलं."

"बियाण्याच्या शेतात?"

"पाण्याच्या तोंडाशी तेच लावत्यात, साहेब. माझी सासू लावायची. वरलं पाणी पयलं त्याला भेटतं. मंग ते बाकीच्यांना सांगतं."

"काय सांगतं?"

"आता मला काय ठावं? मी भात हाय का?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या बांधावरच्या बायकाही हसल्या.

मी हसलो नाही. म्हणालो, "हे काढावं लागेल. इथं सगळी झाडं एकसारखी पाहिजेत."

"घरातली पाच माणसं एकसारखी नसत्यात, शेतात कुठून आणू?"

"बियाण्याच्या शेतात आणावी लागतात, मावशी."

तिनं एक पान चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाली, "काढायचं तर उन्हं चढल्यावर काढू. पानं वली हायत. वल्यात शिरू नये."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या केंद्रानं कडा करप्यावर एक माहितीपत्रक छापलं होतं. 'पाने ओली असताना खाचरात शिरू नये' हे त्यातलं तिसरं वाक्य. ते पत्रक मीच लिहिलं होतं. पण जीप ओढ्यापलीकडे थांबलेली, अजून दोन पाडे बाकी, आणि माझ्या नजरेसमोर भेसळ होती. मी पायजमा गुडघ्यावर घेतला आणि उतरलो. बांधावरच्या तिघी-चौघींनाही उतरायला लावलं. अर्ध्या तासात शेत साफ झालं. ओली पानं दुमडली, फाटली, आमच्या हातापायांना घासली. वर आल्यावर मी शेताकडे पाहिलं. सगळ्या लोंब्या एका उंचीच्या. फार देखणं दिसलं. उपटलेल्या कुसळाच्या भाताची एक पेंढी मी बांधून घेतली, प्रशिक्षणात 'भेसळ अशी असते' म्हणून दाखवायला. बाकीचं बैलांपुढं गेलं. अहवालात लिहिलं, 'सर्व भेसळ काढली. शेत निर्दोष.' खाली सही.

तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस झाला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा भेसळ उपटताना आम्ही त्या शेतातून ज्या ओळींनी चाललो होतो, त्या ओळी मला वाचता आल्या. पिवळ्या पट्ट्या. पाण्याच्या तोंडापासून निघून, वळून, बांधापर्यंत. बाकीचं वादळानं पुरं केलं. लोंब्या उभ्या होत्या, पण हातात घेतल्यावर नुसतं तूस.

मावशीनं विचारलं, "औषध हाय का काय?"

"नाही."

"कशानं झालं हे?"

मी म्हणालो, "हवा तशी होती, मावशी."

अहवालात वादळाचं कारण लिहिलं. दिवाळी झाल्यावर ती नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या कामाला गेली, घरात धान्यच नव्हतं. मुलगीही बरोबर गेली. हे मला पाड्यावरच्या शिक्षकांनी सांगितलं. पटावरची मुलं कमी झाल्याची तक्रार करत होते ते. म्हणाले, "चांगली होती हो ती मुलगी, जोडाक्षरं सुटली होती तिची."

ती पेंढी केंद्रात खुंटीला लटकत राहिली. पुढच्या पावसाळ्यात, तपासणीच्या वाफ्यात एक ओळ रिकामी होती, म्हणून मी त्यातलं बी तिथं टाकलं. खरं सांगायचं तर, ते बी वाया जाऊ नये असं मला फार वाटत होतं. वेळ आल्यावर सगळ्या ओळींची पानं कापली, तिचीही कापली.

दोन आठवड्यांनी वाफा पांढरा पडला होता आणि मधोमध एक ओळ हिरवीगार उभी होती. कापलेल्या टोकाशी नखाच्या कडेएवढा वाळका भाग, बस्स. केंद्रातले शास्त्रज्ञ साहेब म्हणाले, "ही ओळ कापायला विसरलात की काय?" मी आयुष्यात ओळ विसरलो नव्हतो. ताजे जिवाणू वाढवले, पुन्हा कापलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा साहेब स्वतः शेजारी उभे होते. मी फूटपट्टी दोनदा लावून पाहिली. असं भात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो आनंद मला आजही आठवतो आणि त्याची लाज वाटत नाही.

लाज पुढच्या गोष्टीची आहे. प्रत्येक वाणाची आमच्या नोंदवहीत एक ओळ असते, आणि तिच्यात एक रकाना असतो: उगम. बी कुणाचं, कुठल्या गावचं. तिथं मी पाड्याचं नाव लिहिलं असतं, तर ते शेत आणि तो अहवाल समोर आला असता, आणि ज्या शेतातून हे भात मी उपटलं ते कसं जळलं हेही कुणी विचारलं असतं. मी लिहिलं, 'केंद्राच्या क्षेत्रात आढळलेली भेसळ.' अक्षर माझं नेहमीसारखंच वळणदार आलं.

पुढची वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. त्या भाताचा आणि चांगल्या उताऱ्याच्या, भरपूर पिकणाऱ्या वाणाचा आम्ही संकर केला. पिढ्यांमागून पिढ्या कापत, मोजत, निवडत गेलो. शेवटी एक वाण हाती लागला. कुसळ नाही, उतारा भरपूर, कडा करप्याला दाद देत नाही. आज जीपमधून पश्चिमेकडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो दिसतो. मी ड्रायव्हरला उगाच हळू चालवायला सांगतो.

निवृत्तीच्या आधी एक मुलगी आमच्याकडे संशोधनाला आली. ओझरची, वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी फूटपट्टी हिसकून घेतली आणि स्वतः मोजायला बसली, तेव्हाच मी ओळखलं की हिच्यात दम आहे. पुढं ती मोठ्या प्रयोगशाळेत गेली आणि आमचं भात बरोबर घेऊन गेली. त्याच्यात नेमकं काय आहे ते तिनं शोधून काढलं. एके दिवशी आमच्या नाशिकच्या घरी येऊन तिनं मला आणि बायकोला ते समजावलं.

भाताच्या पेशीच्या वेशीवर एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेरचा भाग जिवाणूची खूण ओळखतो. आतला भाग म्हणजे कायनेज. कायनेजचं काम एकच, पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक बारीक ठिपका लावायचा. ज्याला ठिपका लागला ते जागं होतं. त्यातली काही प्रथिनं स्वतःही कायनेजच असतात, ती आणखी पुढच्यांना ठिपका लावतात. असं करत निरोप पेशीच्या मध्यापर्यंत पोचतो आणि झाड रोगाशी लढायची तयारी करतं.

बायको म्हणाली, "म्हणजे तुमच्या भातात हळदीकुंकू चालतं तर. एकीनं दुसरीला लावायचं, दुसरीनं तिसरीला."

"अगदी तसंच, काकू," मुलगी म्हणाली. "आणि ठिपके पुसणारी प्रथिनंही असतात. नाहीतर झाड रात्रंदिवस लढतच बसेल आणि दाणा भरणारच नाही."

"आमच्याकडे पुसणारं कोणी नाही," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "हे निवृत्त झाले तरी लढतातच आहेत."

मग मुलीनं फोनवर दोन पानांचे फोटो दाखवले. एक आमच्या भाताचं, हिरवं. दुसरं पार जळलेलं. मी विचारलं, हे कुठल्या वाणाचं? ती म्हणाली, "हेही आपलंच आहे, सर. फक्त ह्यात मी कायनेज बिघडवलाय. बाहेरचा भाग शाबूत आहे, जिवाणूची खूण ओळखायला काही अडचण नाही. पण पुढं सांगता येत नाही. ओळखून उपयोग काय?"

मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसलो. तिला वाटलं, मी वाळलेला भाग नजरेनं मोजतोय.

गेल्या वर्षी ती पुन्हा आली. मूळ भाताची रीतसर नोंद करायची होती, शेतकऱ्यांनी जपलेला वाण म्हणून. अर्जात तोच रकाना होता. "सर, उगमात काय लिहू? जुन्या नोंदवहीत केंद्रातली भेसळ असं लिहिलंय. पण लांब कुसळाचं असं भात केंद्रात कधी लावलंच नव्हतं. मी सगळ्या वह्या पाहिल्या."

"चुकून आलं असेल कुठून तरी."

"सर," ती म्हणाली, "तुम्ही मला कधी अर्धा मिलिमीटर सोडू दिला नाहीत."

तेव्हा मी पाड्याचं नाव सांगितलं. मावशीचंही सांगितलं. सुरगाण्याची ती सकाळ मात्र सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर केंद्रात गेलो, जुन्या ओळीवर रेघ मारली, वर खरं लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घालून सही केली. नोंदवही सुधारली. इतकं तरी केलं, असं मला वाटलं.

मग आम्ही दोघं पाड्यावर गेलो. मावशी ओसरीवर उन्हात बसली होती, ऐंशी पार केलेली, एका डोळ्यानं अधू. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "भेसळसाहेब! तुमीच भेसळ झालात की, सगळे केस पांढरे."

ओझरच्या मुलीनं तिला सगळं सांगितलं, भात कुठून कुठं गेलं ते, आणि तिच्या हातात मूठभर बी ठेवलं, लाल कुसळांचं. मावशीनं ते कुसळ गालाला लावून पाहिलं. मग आसपासच्या सगळ्यांना हाका मारल्या. "या, या! आमच्यातलं हे भात शेत गेलं त्याच साली संपलं. बाकीच्यांनी आधीच सोडलेलं, त्यानंतर कुणाकडं दाणा नव्हता. ह्या साहेबानं एक पेंढी नेली म्हणून राहिलं बघा!"

आम्हाला नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं, म्हणजे कालवण, वाढलं. मला दोनदा वाढलं. ओझरची मुलगी माझ्याकडे अभिमानानं बघत होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ज्या तोंडानं ती माझे उपकार मानत होती, त्या तोंडासमोर मला ते उच्चारता आलं नाही. निघताना मी एवढंच म्हणालो, "नोंदीचा कागद आला की मी स्वतः घेऊन येईन." मनात ठरवलं, त्या दिवशी सांगायचंच.

कागद यायला या वर्षीचा भाद्रपद उजाडला. मी एकटाच गेलो. घराच्या बाजूच्या खाचरात, पाण्याच्या तोंडाशी, हातभर रुंदीच्या पट्ट्यात लाल कुसळं उभी होती. मावशीनं लावणी स्वतः समोर बसून करून घेतली होती, असं मला तिच्या मुलीनं सांगितलं. मावशी श्रावणात गेली होती.

मुलगी आता चाळिशीची आहे. कागद मी तिच्या हातात दिला. तिनं हात लुगड्याला पुसले आणि उभ्यानंच वाचायला घेतलं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. आईचं नाव तिला पटकन वाचता आलं. 'संवर्धक' या शब्दावर ती अडली, मागं गेली, पुन्हा आली, पुन्हा अडली. मग हसून म्हणाली, "जोडाक्षरं राह्यली माझी." मी तो शब्द वाचून दाखवला. ज्यानं जपलं तो, असा अर्थ सांगितला. तिनं मान डोलावली. "आई लय खूश झाली असती. सारखी म्हणायची, साहेबानं राखलं."

पाणी वाहत होतं आणि ती कागद उराशी धरून उभी होती. मी चप्पल घातली आणि खाली रस्त्याकडे आलो.

तेव्हा बोललो नाही, ते आता लिहितो. मावशी, हवा तशी नव्हती. वरच्या पाड्यावरचा रोग हाताला लागलेला असताना, तुम्ही नको म्हणत असताना, मी तुमच्या शेताच्या ओल्या पानांत शिरलो. तुमचं शेत माझ्या हातानं गेलं, आणि तुमच्या मुलीची शाळाही. मला माफ करा.